एनजीसी १०५२-डीएफ२ : दहा तारकागुच्छांवरून दीर्घिकेचं वजन कसं काढतात आणि ते कुठे फसतं

आकडेमोड (धागाकर्ता)

कृष्णपदार्थाच्या आधीच्या धाग्यात एक प्रश्न अर्धवट राहिला: दहा ठिपक्यांचे वेग मोजून "या दीर्घिकेत कृष्णपदार्थ (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून कळणारं द्रव्य) जवळजवळ नाही" असं कोणी कसं म्हणू शकतं? उत्तर लांबलचक आहे म्हणून वेगळा धागा काढतोय. ज्यांनी वर्णपट किंवा गायाची (ताऱ्यांच्या जागा आणि गती मोजणारी युरोपीय अवकाश दुर्बीण) विदा, म्हणजे डेटा, हाताळली आहे त्यांनी भर घालावी.

आधी वस्तुस्थिती. तिमिंगल तारकासमूहातल्या एनजीसी १०५२ या लंबगोल दीर्घिकेजवळ डीएफ२ ही अतिशय विरळ दीर्घिका दिसते. येलच्या पीटर व्हॅन डोक्कम यांच्या गटाने ड्रॅगनफ्लाय वापरून तिच्याकडे लक्ष वेधलं. ड्रॅगनफ्लाय म्हणजे कॅननची ४०० मिमी टेलिफोटो भिंगं एकत्र बसवून केलेली दुर्बीण. अंतर २० मेगापार्सेक (एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं, मेगा म्हणजे दहा लाख) धरलं तर ताऱ्यांचं वस्तुमान सुमारे २० कोटी सूर्यांइतकं आणि अर्धा प्रकाश ज्या वर्तुळात मावतो त्याची त्रिज्या २.२ किलोपार्सेक. तिच्याभोवती दहा तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ सापडले. हवाईतल्या केक दुर्बिणीवर त्यांचे वर्णपट घेतले आणि मार्च २०१८ मध्ये निष्कर्ष नेचर नियतकालिकात आला: गुच्छांच्या वेगांचा मूळ पसारा ९० टक्के खात्रीने सेकंदाला १०.५ किमीपेक्षा कमी आणि ७.६ किलोपार्सेकच्या आतलं एकूण वस्तुमान ३४ कोटी सूर्यांपेक्षा कमी. एवढे तारे असलेल्या बटू दीर्घिकेचा हेलो, म्हणजे तिच्याभोवतीचं कृष्णपदार्थाचं वेष्टण, साधारण काही हजार कोटींचा असावा अशी अपेक्षा असते.

आता वजन कसं काढतात ते. गुच्छ दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणात फिरतात. वस्तुमान जास्त असेल तर वेगांचा पसारा, म्हणजे सिग्मा, जास्त. कागदावर करता येईल असं सूत्र वूल्फ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दिलं: अर्ध्या प्रकाशाच्या त्रिज्येच्या आतलं वस्तुमान (सूर्यांमध्ये) = ९३० × सिग्माचा वर्ग × प्रक्षेपित त्रिज्या. सिग्मा किमी प्रति सेकंद, त्रिज्या पार्सेकमध्ये. इथली "आतली" त्रिज्या त्रिमितीतली असते, प्रक्षेपित त्रिज्येच्या सुमारे ४/३ पट.

डीएफ२ च्या ताऱ्यांचा (गुच्छांचा नव्हे) सिग्मा २०१९ मध्ये केकच्या केसीडब्ल्यूआय या स्पेक्ट्रोग्राफने ८.५ मोजला. ८.५ चा वर्ग ७२.२५, गुणिले २२००, गुणिले ९३०, म्हणजे १४.८ कोटी. त्या त्रिज्येत ताऱ्यांचं वस्तुमान निम्मं, म्हणजे १० कोटी. उरलेल्या ४.८ कोटीत कृष्णपदार्थ असेल किंवा नसेलही. सिग्मा ३० असता तर हाच गुणाकार १८४ कोटींवर जातो आणि वाद उरतच नाही.

पण त्या ८.५ ला +२.३ आणि −३.१ अशी त्रुटी आहे. खालच्या टोकाला वजन ६ कोटी, वरच्या टोकाला २४ कोटी. सिग्माचा वर्ग होतो, त्यामुळे सिग्मातली २५ टक्के चूक वजनात जवळपास ५० टक्के होते. माझ्या मते डीएफ२ चा सगळा वाद या वर्गात आहे. नव्या भौतिकशास्त्राकडे उडी मारण्याआधी इथे थांबायला हवं.

मृगशीर्ष

छान सुरुवात. दोन शंका. गुच्छच का, तारेच का मोजत नाहीत? आणि गुच्छांमध्ये स्वतःचा कृष्णपदार्थ असेल तर?

आकडेमोड

@मृगशीर्ष, २० मेगापार्सेकवरचा एकटा तारा वर्णपट घेण्याइतका तेजस्वी नसतो. गुच्छ म्हणजे लाखो ताऱ्यांचा प्रकाश एका ठिपक्यात. डीएफ२ च्या गुच्छांचं निरपेक्ष तेज साधारण −९.१ आहे, अंतराचा हिशेब केला की दिसणारी प्रत २२.४ च्या आसपास (प्रतीचा आकडा जितका मोठा तितकी वस्तू फिकट). दहा मीटरच्या दुर्बिणीला काही तासांत जमतं. ताऱ्यांचा एकत्रित प्रकाश मोजता येतो (केसीडब्ल्यूआयने तेच केलं), पण दीर्घिका इतकी फिकट की बाहेरच्या भागात हाती काही लागत नाही. हेलो तर बाहेरच पसरलेला असतो. गुच्छ तिथवर असतात, हा त्यांचा खरा उपयोग.

दुसरी शंका: गोलाकार गुच्छांचं आतल्या वेगांवरून काढलेलं वस्तुमान आणि त्यांच्या ताऱ्यांचं वस्तुमान जुळतं. आपल्या आकाशगंगेतल्या गुच्छांत वस्तुमान आणि प्रकाश यांचं गुणोत्तर सूर्याच्या एककात दोनच्या आसपास येतं, ते म्हाताऱ्या ताऱ्यांनी समजावता येतं. आणि समजा थोडा कृष्णपदार्थ असला तरी गुच्छ दीर्घिकेभोवती कोणत्या वेगाने फिरतो यावर त्याचा परिणाम होत नाही. कक्षा गुच्छाच्या स्वतःच्या वस्तुमानावर अवलंबून नसते. अपवाद गतिक घर्षणाचा (आजूबाजूच्या कणांच्या ओढीने गुच्छ मंदावण्याचा), तो मुद्दा कोणीतरी काढेलच.

वर्णपट

मोजमापाच्या बाजूने लिहितो, कारण ८ आणि १२ मधला फरक इथेच पडतो.

अशा कामाला बहुतेक वेळा कॅल्शियमच्या तीन रेषा वापरतात: ८४९८, ८५४२ आणि ८६६२ अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक). म्हाताऱ्या ताऱ्यांत त्या ठळक असतात. सेकंदाला १० किमी वेग म्हणजे ८५४२ च्या रेषेत ०.२८ अँगस्ट्रॉमचं सरकणं. स्पेक्ट्रोग्राफची विभेदनक्षमता ६००० असेल तर उपकरणामुळे येणारी रेषेची रुंदी ५० किमी/से. म्हणजे रुंदीच्या पाचव्या भागाएवढं सरकणं शोधायचं, आणि त्यावर विश्वास ठेवायचा तर केंद्र आठव्या-दहाव्या भागापर्यंत पक्कं हवं.

यात चार ठिकाणी घोळ होतो.

पहिला, वातावरणातल्या हायड्रॉक्सिलच्या रेषा. लाल बाजूला आकाशच उजळ रेषांनी भरलेलं असतं आणि कॅल्शियमच्या एखाद्या रेषेच्या अगदी शेजारी अशी रेषा बसली की आकाश वजा करताना उरलेला कचरा रेषेचं केंद्र ओढतो. त्यामुळे तिन्ही रेषांचे वेग स्वतंत्र काढून ताडून बघावेत. एक रेषा १५-२० किमीने वेगळी बोलत असेल तर ती झाकून पुन्हा जुळवणी करायची. सरासरी काढून मोकळं होणं चुकीचं.

दुसरा घोळ चिरेचा, आणि हा सगळ्यात वाईट, कारण तो वर्णपटाकडे बघून कळत नाही. दुर्बिणीत बसवलेल्या मास्कमध्ये (पत्र्यामध्ये) प्रत्येक गुच्छाचा प्रकाश आत येण्यासाठी चीर कापलेली असते. चीर ०.७५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) रुंद आणि ती पूर्ण भरली तर ५० किमीची रुंदी. पण हवा स्थिर असलेल्या रात्री ठिपका चिरेपेक्षा लहान असतो. तो मध्यापासून ०.१ विकला बाजूला बसला तर सगळा वर्णपट ६.७ किमीने सरकतो. सिग्माएवढीच चूक, तीही प्रत्येक गुच्छाची वेगळी! यावर उपाय म्हणजे ७६०० अँगस्ट्रॉमजवळचा वातावरणातल्या ऑक्सिजनचा पट्टा. तो पृथ्वीवरच तयार होतो, त्याचा वेग शून्य असायला हवा. त्याच वर्णपटात तो सरकलेला दिसला तर तेवढं वजा करायचं. फिकट गुच्छात पट्टा नीट दिसत नाही, मग ही दुरुस्तीच ३-४ किमीची त्रुटी घेऊन येते. ती एरर बारमध्ये टाकलीच पाहिजे.

तिसरा, वेगवेगळ्या रात्रींचे वर्णपट बेरजेआधी सूर्यसापेक्ष न करणं. पृथ्वीचा कक्षेतला वेग ३० किमी/से, महिन्याभराच्या अंतराने घेतलेल्या फ्रेम तशाच बेरजेला टाकल्या तर रेषा फासली जाते.

चौथा, जुळवणीसाठी वापरलेला नमुना वर्णपट. धातूंचं प्रमाण न जुळणारा नमुना घेतला की सगळे वेग थोडे सरकतात. पण सगळे सारखेच सरकतात, सिग्मा बिघडत नाही. यावर फार वेळ घालवू नये.

सांख्यिक

वरच्या दुसऱ्या घोळाचा पुढचा भाग. मोजलेल्या पसाऱ्यात दोन गोष्टी असतात: खरा पसारा आणि मोजमापाची त्रुटी. वर्ग करून वजा करायच्या.

मोजलेला पसारा १० आणि प्रत्येक वेगाची त्रुटी ७ समजली तर खरा सिग्मा √(१०० − ४९) = ७.१. आता त्रुटी खरं तर ९ असेल आणि तुम्ही ती ७ समजला असाल तर खरा सिग्मा √(१०० − ८१) = ४.४. वजनात २.७ पटीचा फरक, एकही वेग न बदलता. त्रुटी जास्त सांगितली तर दीर्घिका हलकी होते, कमी सांगितली तर जड. म्हणून एखाद्या पेपरमध्ये मी आधी त्रुटींचा रकाना वाचतो, आलेख नंतर.

दहाच बिंदू असताना मोजमाप अगदी अचूक असलं तरी सिग्माची सापेक्ष त्रुटी १/√(२×९), म्हणजे २३.६ टक्के. वजनात ४७ टक्के. ही दुर्बीण मोठी करून कमी होत नाही, फक्त जास्त गुच्छ सापडले तर कमी होते. वास्तविक मोजमापाची त्रुटी धरून ती आणखी वाढते.

डीएफ२ मध्ये नेमकं काय झालं बघा. मूळ लेखात ३.२ किमी/से असा आकडा आला (+५.५, −३.२). त्यासाठी वापरलेलं माप टोकाच्या बिंदूला कमी वजन देणारं होतं. दहापैकी जीसी-९८ हा एक गुच्छ बाकीच्यांपासून बराच दूर होता. मार्टिन आणि सहकाऱ्यांनी तेच वेग घेऊन दहाही गुच्छ एकाच संभाव्यता-प्रारूपात घातले: ९.५ (+४.८, −३.९), ९० टक्क्यांची वरची मर्यादा १८.८. नंतर मूळ गटाने जीसी-९८ चा वेग सुधारून दिला आणि संभाव्यतेच्या पद्धतीने ७.८ (+५.२, −२.२) आला. ३.२, ९.५, ७.८: तिन्ही आकड्यांच्या त्रुटींचे पट्टे एकमेकांवर येतात. भांडण होतं ते एका गुच्छाला बाहेर काढायचं की नाही यावर.

माझं मत: दहांतल्या एकाला गॉसियनच्या (घंटेच्या आकाराच्या वितरणाच्या) शेपटीत म्हणून सोडू नये. सोडायचाच असेल तर तो शेजारच्या एनजीसी १०५२ चा गुच्छ आहे असं रंगावरून, जागेवरून वेगळं सिद्ध करायला हवं.

प्रत्यक्ष करायचं असेल तर: दोन अज्ञात राशी घ्या, सरासरी वेग आणि सिग्मा. प्रत्येक गुच्छासाठी गॉसियन, ज्याचा व्हेरियन्स (रुंदीचा वर्ग) = सिग्मा² + त्या गुच्छाची त्रुटी². दहांचे लॉग बेरीज करा आणि सिग्मा ० ते ४० पर्यंत ०.१ च्या पायरीने, सरासरी वेग अर्ध्या किमीच्या पायरीने जाळीवर मोजा. एमसीएमसीची (यादृच्छिक नमुने घेत उत्तर शोधण्याच्या पद्धतीची) गरज नाही, ही आकडेमोड लॅपटॉपवर क्षणात होते. मग सरासरीवर बेरीज करून सिग्माचा वितरण-आलेख काढा. सिग्मासाठी पूर्वधारणा (विदा बघण्याआधी धरलेली शक्यता) सपाट घेतली की लॉगमध्ये सपाट घेतली यावर दहा बिंदूंमध्ये उत्तर एक-दोन किमीने हलतं. दोन्ही काढून दाखवावीत.

मृगशीर्ष

हे वाचून वाटतंय की दावाच पोकळ आहे?

सांख्यिक

नाही. पूर्ण हेलो असता तर सिग्मा तिशीच्या आसपास यायला हवा होता. मार्टिन यांची सैल मर्यादाही १८.८ वर थांबते. शिवाय ताऱ्यांचे दोन स्वतंत्र मोजमाप आले: केसीडब्ल्यूआयचा ८.५ आणि चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीवरच्या म्यूझ स्पेक्ट्रोग्राफचा १०.८ (+३.२, −४.०). गुच्छ आणि तारे दोघेही दहाच्या खाली-वर सांगतात. "अजिबात नाही" हे सिद्ध झालेलं नाही. "या ताऱ्यांच्या मानाने फारच कमी" हे टिकलंय.

दूरदर्शी

अंतराचा मुद्दा कोणी काढला नाही अजून. त्रुहियो यांच्या गटाने २०१९ मध्ये अंतर १३ मेगापार्सेक सांगितलं होतं. तसं असतं तर?

आकडेमोड

हिशेब करून बघू. २० चं १३ झालं तर तेज (१३/२०)² म्हणजे ०.४२ पट, ताऱ्यांचं वस्तुमानही तेवढंच घटतं. त्रिज्या ०.६५ पट, सिग्मा तोच, म्हणून गतिकीय वस्तुमान ०.६५ पट. दोघांचं गुणोत्तर ०.६५ ÷ ०.४२, म्हणजे दीडपट वाढतं. शिवाय गुच्छांचं तेज ०.९४ प्रतीने उतरून −९.१ वरून −८.२ वर येतं, नेहमीच्या −७.५ च्या बरंच जवळ. विचित्र दीर्घिका बरीचशी साधी होते. त्यामुळे हा आक्षेप गंभीर होता.

तो मिटला हबलने. २०२१ मध्ये ४० कक्षांचा (हबलच्या पृथ्वीभोवतीच्या फेऱ्यांचा) वेळ देऊन लाल राक्षसी ताऱ्यांच्या शाखेचं टोक, म्हणजे अशा ताऱ्यांचं ठरावीक कमाल तेज, मोजलं गेलं: २२.१ ± १.२ मेगापार्सेक. या पद्धतीत टोक कॅमेऱ्याच्या मर्यादेजवळ असेल तर गोंगाटामुळे आणि दोन तारे एकावर एक आल्यामुळे टोक उजळ भासतं, अंतर कमी येतं. जास्त वेळ देऊन टोकाच्या खालपर्यंत शाखा दिसली की ही चूक जाते. ४० कक्षा त्यासाठीच लागल्या.

गुच्छ मात्र अजूनही अवाजवी तेजस्वी आहेत. सर्वात तेजस्वी असलेला जवळपास आपल्या आकाशगंगेतल्या सर्वात मोठ्या गुच्छाच्या, ओमेगा सेंटॉरीच्या, तोडीचा, आणि सगळ्यांचे रंग जवळजवळ एकसारखे. म्हणजे ते एकाच वेळी, एकाच द्रव्यातून तयार झाले असावेत. २०२२ मध्ये व्हॅन डोक्कम यांच्या गटाने मांडलेली दोन बटू दीर्घिकांच्या टकरीची कल्पना याला धरून आहे: वायू अडकून मागे राहिला, त्यातून तारे आणि गुच्छ बनले, कृष्णपदार्थ पुढे निघून गेला. शेजारची डीएफ४ सुद्धा अशीच निघाली, २०१९ मध्ये सात गुच्छांवरून ४.२ (+४.४, −२.२). पण डीएफ४ मध्ये भरतीबलाने ओढल्या गेलेल्या शेपट्या मोंतेस आणि सहकाऱ्यांना दिसल्या आहेत, तिथे कृष्णपदार्थ आधी ओरबाडला गेला हे साधं उत्तरही उभं आहे. दोघींना एकच कारण असेल हे गृहीत धरू नये.

घर्षण

वर गतिक घर्षणाचा उल्लेख झाला. कृष्णपदार्थाचा आतला आकार गुच्छांवरून कळतो तो याच मार्गाने, आणि यातलं मूळ सूत्र चंद्रशेखर यांचं आहे, १९४३ चं.

उदाहरण फोर्नॅक्स बटू दीर्घिकेचं, आपल्यापासून सुमारे १४० किलोपार्सेक. तिला पूर्वीपासून माहीत असलेले पाच गुच्छ आहेत, सहावा फिकट गुच्छ अलीकडे पक्का झाला. जड गुच्छ कृष्णपदार्थाच्या कणांतून जातो तेव्हा त्याच्यामागे कणांची दाटी होते, ती त्याला मागे ओढते. कक्षा आक्रसत गुच्छ केंद्रात जातो. लागणारा वेळ असा:

१९ अब्ज वर्षं ÷ कूलाँब लॉग × (त्रिज्या ÷ ५ किलोपार्सेक)² × (सिग्मा ÷ २००) × (१० कोटी ÷ गुच्छाचं वस्तुमान). कूलाँब लॉग म्हणजे जवळच्या-दूरच्या कणांची एकूण ओढ मोजणारा गुणक.

त्रिज्या १ किलोपार्सेक, सिग्मा १०, गुच्छ साडेतीन लाख सूर्यांचा, कूलाँब लॉग ५ घ्या. ३.८ × ०.०४ × ०.०५ × २८६ = २.२ अब्ज वर्षं. अर्ध्या किलोपार्सेकवर त्याचा चौथा भाग, सुमारे ५४ कोटी वर्षं. गुच्छांचं वय १० अब्ज वर्षांच्या पुढे. मग ते केव्हाच केंद्रात एकवटून तिथे एक ठसठशीत केंद्रक दिसायला हवं होतं. दिसत नाही. ट्रेमेन यांनी १९७६ मध्येच हे दाखवलं.

वरचं सूत्र केंद्राकडे घनता वाढत जाणाऱ्या हेलोसाठी आहे. केंद्रात घनता सपाट असेल, म्हणजे गाभा असेल, तर गुच्छ गाभ्याच्या कडेला येऊन थबकतो, कारण तिथले कण त्याच्याशी तालात फिरू लागतात आणि ऊर्जा परतही देतात. २००६ मध्ये गेर्ड्ट आणि रीड यांच्या संगणक-अनुकरणांत हे स्पष्ट दिसलं. म्हणून फोर्नॅक्सचे गुच्छ हे गाभ्याच्या बाजूचा पुरावा मानले जातात.

इथली पळवाट ठाऊक असावी. आपल्याला दिसतं ते प्रक्षेपित अंतर. केंद्रापासून पाव किलोपार्सेकवर दिसणारा गुच्छ प्रत्यक्षात पुढे-मागे दीड किलोपार्सेकवर असू शकतो, आणि वेळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतो. गुच्छ बाहेरून उशिरा आले असतील तरी कोडं सैल होतं. त्यामुळे एकट्या फोर्नॅक्सवरून "शीतल कृष्णपदार्थ (मंद कणांचा, केंद्राकडे घनता वाढवणारा) चूक" असं लिहिणाऱ्यांशी मी सहमत नाही.

जाता जाता: यातला तिसरा गुच्छ म्हणजे एनजीसी १०४९. तो फोर्नॅक्स दीर्घिकेच्या आधी, हर्शेलच्या काळात नोंदला गेला. दीर्घिका सापडली १९३८ मध्ये. पुण्याहून तो मध्यमंडलावर ३७ अंश उंचीवर येतो. नोव्हेंबर-डिसेंबरच्या स्वच्छ, काळ्याकुट्ट आकाशात १० इंची दुर्बिणीतून पुसट ताऱ्यासारखा दिसू शकतो. दीर्घिका स्वतः दिसणार नाही, शोधत बसू नका.

ध्रुवमत्स्य

आपल्या आकाशगंगेसाठी घरबसल्या हे करता येईल का? गायाची विदा खुली आहे ना.

निजगती

येईल, आणि इथे परिस्थिती डीएफ२ च्या उलट आहे: गुच्छ दीडशेच्या वर, आणि दृष्टिरेषेतल्या वेगासोबत निजगतीही (आकाशावर आडवं सरकणंही) मिळते, म्हणजे तिन्ही घटक.

क्रम असा ठेवा. गुच्छाच्या केंद्राभोवती भरती-त्रिज्येच्या (जिथवर गुच्छ स्वतःचे तारे धरून ठेवतो) आतले तारे गाया डीआर३, म्हणजे गायाच्या तिसऱ्या विदासंचातून, उतरवा. रुवे (गायाची जुळवणी किती बिघडली ते सांगणारा आकडा) १.४ पेक्षा जास्त असलेले काढा, ते बहुधा जोडतारे किंवा गर्दीमुळे बिघडलेले. निजगतीच्या प्रतलात गुच्छाचे तारे एका ठिकाणी गोळा होतात, पार्श्वभूमी पसरलेली असते. दोन गॉसियनांचं मिश्रण बसवून गुच्छाची सरासरी काढा. केंद्रातल्या दाट भागात विदा खराब असते, आतले तारे टाकून दिले तरी चालतं.

मग चूक होते ती अशी: हजार ताऱ्यांची सरासरी काढली की सांख्यिकी त्रुटी अगदी बारीक येते आणि लोक तीच वापरतात. गायाची स्वतःची पद्धतशीर त्रुटी वर्षाला ०.०२५ मिलिविकलेच्या आसपास आहे. ती ताऱ्यांची संख्या वाढवून घटत नाही, वर्गाने मिळवावीच लागते. ४० किलोपार्सेकवर ती ४.७४ × ०.०२५ × ४० = ४.७ किमी/से होते. त्याच अंतरावर स्पर्शीय वेग २०० आणि अंतरातली चूक ३ टक्के असेल तर त्यातून ६ किमी/से येतात. म्हणजे दूरच्या गुच्छांत अंतर सुधारणं निजगती सुधारण्याइतकंच महत्त्वाचं.

त्यानंतर सूर्याचा वेग वजा करायचा. आकाशगंगेचं केंद्र ८.१८ किलोपार्सेकवर आणि तिथल्या सॅजिटेरियस ए-तारका या कृष्णविवराची निजगती वर्षाला ६.४१ मिलिविकला धरली तर सूर्याचा कक्षेतला वेग २४८ येतो. जुन्या पुस्तकांतला २२० कधीच घेऊ नका, त्याने दूरच्या गुच्छांना खोटी गती चिकटते.

आता गाळणी. चकतीतले आणि फुगवट्यातले गुच्छ वगळा, हेलोतले ठेवा. वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये गाया डीआर२ मधले असे ३४ गुच्छ घेतले, २.० ते २१.१ किलोपार्सेक. त्यांना २१.१ किलोपार्सेकच्या आत २१,००० कोटी सूर्य मिळाले. त्याच त्रिज्येवर वर्तुळाकार वेग २०६ किमी/से. हबलचे १२ मिळवून ४६ गुच्छांवर, ३९.५ किलोपार्सेकपर्यंत ४२,००० कोटी. इथवर त्रुटी १५ टक्क्यांच्या आसपास. पण हेच पुढे रेटून संपूर्ण हेलोचा आकडा काढला की १.५४ लाख कोटी, +०.७५ आणि −०.४४! गुच्छ जिथे संपतात तिथे ज्ञान संपतं, पुढचं सगळं हेलोच्या गृहीत आकारावर. बातम्यांमध्ये नेमका हाच शेवटचा आकडा येतो.

निजगती असण्याचा मोठा फायदा म्हणजे कक्षा लांबट की गोल हे मोजता येतं. त्यांना बीटा (हा लांबटपणा सांगणारा आकडा) ०.५२ मिळाला, म्हणजे त्रिज्येच्या दिशेचे वेग वरचढ. फक्त दृष्टिरेषेतला वेग असता तर बीटा गृहीत धरावा लागला असता, आणि बाहेरच्या भागात त्याची चूक सरळ वजनात शिरते. डीएफ२ मध्ये हीच असहाय्यता आहे.

एक इशारा: सगळे गुच्छ स्वतंत्र नसतात. बरेच गुच्छ एकाच गिळलेल्या दीर्घिकेसोबत आले आणि अजून सारख्या कक्षांत फिरतात. ४६ बिंदू असले तरी स्वतंत्र माहिती त्याहून कमी.

ध्रुवमत्स्य

आभार, हे करून बघण्यासारखं आहे. गुच्छ नुसते मोजून हेलोचं वजन सांगतात असंही वाचलंय. ते काय?

सांख्यिक

बर्कर्ट आणि फोर्ब्स यांचा ठोकताळा: गुच्छांची संख्या गुणिले ५०० कोटी सूर्य. आकाशगंगेचे १७० धरले तर ८५,००० कोटी, वरच्या आकड्याच्या निम्मं. एवढ्या सोप्या पद्धतीला हे बरंच झालं. मोठ्या दीर्घिकांत संबंध चांगला बसतो, बहुधा लहान दीर्घिका गिळताना गुच्छ आणि कृष्णपदार्थ एकाच प्रमाणात जमा होतात म्हणून.

बटू आणि विरळ दीर्घिकांत मात्र जपून. डीएफ२ ला लावा: दहा गुच्छ म्हणजे ५,००० कोटी. वेग सांगतात त्याच्या शंभरपटीच्या पुढे. ठोकताळा तिथे सपशेल पडतो.

मोजणीच फसल्याचं उदाहरण ड्रॅगनफ्लाय ४४, आणखी एक विरळ दीर्घिका. कोमा या दीर्घिकासमूहात, सुमारे १०० मेगापार्सेकवर. गुच्छांच्या तेजाचं वितरण −७.४ ला शिखर गाठतं, म्हणजे तिथे २७.६ प्रत. हबललासुद्धा साधारण उजळ अर्धाच दिसतो, उरलेला अर्धा दुप्पट करून मिळवायचा. त्यात पार्श्वभूमीच्या दीर्घिका ठिपक्यांसारख्या दिसतात, त्या वजा करायच्या. आणि गुच्छ दीर्घिकेच्या प्रकाशापेक्षा किती दूरवर पसरलेत हे गृहीत धरायचं. व्हॅन डोक्कम यांच्या गटाने २०१७ मध्ये ७४ सांगितले, सैफोल्लाही आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये त्याच हबल विदेवर २०. हेलो ३७,००० कोटींचा की १०,००० कोटींचा, हे गुच्छांच्या गृहीत पसाऱ्यावर ठरलं. म्हणून संख्या वाचताना आधी विचारा: किती प्रत्यक्ष दिसले आणि किती गुणाकारातून आले?

घर्षण

पूरक म्हणून: गुच्छ विस्कटून झालेल्या ताऱ्यांच्या धारा. जीडी-१ या धारेत गायाने एक फट आणि बाजूला निघालेली फांदी दाखवली, बोनाका आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ती १० लाख ते १० कोटी सूर्यांच्या दाट, न दिसणाऱ्या वस्तूच्या धडकेने बसवली. पालोमार ५ च्या धारेतही खंड आहेत, पण तिथे आकाशगंगेचा दांडा आणि वायूचे महामेघ तेच करू शकतात. जीडी-१ चकतीच्या उलट दिशेने फिरते, मेघांशी तिची गाठ क्षणिक असते, म्हणून तिचा पुरावा जास्त स्वच्छ. सविस्तर वेगळ्या धाग्यात लिहीन.

दूरदर्शी

डीएफ२ कडे परत. लुईस आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये गुच्छांची प्रणाली फिरत असल्याचं दाखवलं होतं. ते धरलं तर वजन वाढतं ना?

आकडेमोड

वाढतं. गुच्छ एकाच दिशेने फिरत असतील तर आधार सिग्मा² + परिभ्रमण वेग² यातून मिळतो, आणि फिरण्याचा अक्ष आपल्याकडे कललेला असेल तर खरा वेग दिसतो त्याहून जास्त. कल माहीत नाही. दहा बिंदूंवर सरासरी आणि सिग्माच्या जोडीला आणखी दोन अज्ञात राशी (परिभ्रमणाचा वेग आणि अक्षाचा कोन) बसवल्या की काहीतरी परिभ्रमण सापडतंच. तपासायची रीत सोपी आहे: वेग तेच ठेवून जागांची अदलाबदल करा, हजार वेळा, आणि प्रत्येक वेळी परिभ्रमण बसवा. खऱ्या विदेइतकं परिभ्रमण शंभरात पाचपेक्षा जास्त वेळा आलं तर त्यावर वजन उभं करू नये.

निर्णायक ठरेल ते फिकट गुच्छांचे वेग. दहाचे वीस झाले तर सिग्माची किमान त्रुटी २३.६ वरून १६ टक्क्यांवर येते. पण ते गुच्छ एक ते दीड प्रतीने फिके, म्हणजे तेवढ्याच सिग्नलला किमान अडीच ते चारपट वेळ, आणि आकाशाचा गोंगाट वरचढ झाला की सहा ते सोळापट. शिवाय चिरेची ती ६.७ किमीची भानगड फिकट ठिपक्यांत आणखी छळणार, कारण ऑक्सिजनचा पट्टाच दिसणार नाही. @वर्णपट, चिरेऐवजी इंटिग्रल फील्ड स्पेक्ट्रोग्राफ (चित्रातल्या प्रत्येक ठिकाणाचा वर्णपट एकदम घेणारं उपकरण) वापरला तर हा प्रश्न सुटतो का?

वर्णपट

बराचसा. म्यूझसारख्या उपकरणात गुच्छाचा प्रकाश अनेक कापांमध्ये विभागून येतो. ठिपका एका कापात बाजूला बसला तरी शेजारच्या कापात उलट बाजूला असतो, बेरजेत सरकणं बरंचसं कटतं. शिवाय आजूबाजूचं आकाश त्याच फ्रेममध्ये मिळतं. अडचण विभेदनक्षमतेची. म्यूझची कॅल्शियमच्या रेषांजवळ ३००० च्या घरात, म्हणजे रुंदी १०० किमी, आणि केंद्र पक्कं करायला सिग्नल दुप्पट हवा. केसीडब्ल्यूआय बारीक जाळीवर याहून सरस, पण त्याचं क्षेत्र लहान, गुच्छ एकेक करून घ्यावे लागतील. वीस गुच्छांसाठी मी तरी आधी म्यूझ दोन-तीन जागांवर रोखून उजळ दहांचे वेग केकच्या वेगांशी ताडून बघेन. दोन उपकरणांतला फरक ३ किमीच्या आत आला तरच फिकट दहांकडे वळायचं.